घरकुलांची जागा आणि आपण खातेदार

घरकुलांच्या जागेचा प्रश्न ग्रामसभेपुढें आला कीं, "गायरान दाखवा आणि मोकळे व्हा" असें म्हणणारे आपणां खातेदारांतच अधिक निघतात. महसूल खात्यांत सातबारे उतरून देण्यांत आमचें आयुष्य गेलें. त्या अनुभवावरून सांगतों कीं, ही वाट आतां सरळ राहिलेली नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं जगपालसिंग प्रकरणीं गांवच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे उठविण्याचा आदेश दिला. पुढें २०२२ सालीं अतिक्रमणाच्या नोटिसा निघाल्या, तेव्हां कोल्हापूर जिल्ह्यांत केवढी खळबळ माजली, हें वाचक विसरले नसतील. शिवाय गायरान संपल्यावर गुरें कोठें चारावयाचीं?

भूमिहीनास दीनदयाळ उपाध्याय योजनेंतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यास साहाय्य मिळतें. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे दोन गुंठ्यांत वाट सोडूनही तीन कुटुंबें सुखानें राहतील. परंतु ते गुंठे गांवठाणालगतच्या उसांतूनच निघावयाचे, आणि येथेंच आपला हात आंखडतो! आपल्या उसांत भांगलण करणाऱ्या बायांनीं मग नदीकांठच्या पडीक तुकड्यावर घरें बांधावीं काय? २०१९ व २०२१ चे महापूर आपण डोळ्यांनीं पाहिले आहेत. पूररेषेबाहेरचीच जागा घ्यावी व तिचा दर सभेंतच ठरवावा, असा ठराव ग्रामसभेनें अवश्य करावा.

आम्हीं आमचे दोन गुंठे देऊं केले आहेत. त्यावरून भावकींत अबोला आहे. फुकट मात्र दिलेले नाहींत, सरकारी दरानेंच देणार आहों.