पॉवर सेव्हर आणि मामांचा हंडा

१० जुलै २०२४. सकाळचे साडेसात. पुण्यात मी डोळे चोळत चहा घेतोय आणि नांदेडहून मामांचा फोन.

‘‘काय भाचेबुवा, इकडं जमीन हलली की! हंड्यावरचं झाकण वाजलं. तुझं ते यंत्र मात्र गपगार. झोपलंय काय?’’

थोड्या वेळात बातमी आलीच. हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का, नांदेडलाही जाणवला. आणि मामांकडे ट्रायलला ठेवलेल्या आमच्या डबीत? एकही नोंद नाही!

थोडं बॅकग्राऊंड. मी लातूरचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा मी चार वर्षांचा. आठवतं ते एवढंच, की पुढे कितीतरी दिवस आम्ही सगळे अंगणात झोपायचो. आज नोकरी करतो ती सेन्सरचे ड्रायव्हर लिहायची. (ड्रायव्हर म्हणजे चिप आणि बाकी सॉफ्टवेअर यांच्यातला दुभाषा. गाडी नाही चालवत, बॉस!) त्यामुळे कंपनं टिपणारी ही डबी माझ्यासाठी नुसतं प्रोजेक्ट नव्हतं.

‘‘मामा, सेटिंग काय ठेवलंय?’’

‘‘लो पॉवर. बॅटरी वाचती म्हणून तूच लिवलंस की तिथं!’’

खरंच लिहिलं होतं. लो, नॉर्मल, हाय. आयुष्यभर लोडशेडिंग सोसलेला माणूस या तिनांतून काय निवडणार, सांगा!

गोची अशी, की लो पॉवरची किंमत स्क्रीनवर कुठेच नव्हती. एडीएक्सएल३४५ ही प्रसिद्ध चिप बघा (आमची वेगळी होती). सेकंदाला १०० नोंदी घेताना ती नॉर्मल मोडमध्ये सुमारे १४० मायक्रोअँपिअर करंट खाते, लो पॉवरमध्ये सुमारे ५०. मस्त ना? पण बदल्यात नॉइज वाढतो. मोठा दणका तरीही कळतो, हलकी थरथर मात्र त्या खरखरीत विरून जाते. हे मामांनी कसं ओळखायचं?

म्हणजे चूक मामांची नव्हती, आमच्या प्रश्नाची होती. ‘वीज किती?’ हे चिपचं दुखणं. माणसाला विचारायचं ते ‘काम काय?’ अँड्रॉइडमध्ये अॅप बनवणारा सेन्सरला पॉवर मोड सांगत नाही. ‘नॉर्मल’, ‘यूआय’, ‘गेम’ असा वेग मागतो. त्यासाठी चिपला कुठल्या मोडमध्ये ठेवायचं, ते खालचं सॉफ्टवेअर बघतं.

आम्हीही तोच धडा गिरवला. आता स्क्रीनवर दोनच पर्याय: ‘हलके धक्केही टिपा’ आणि ‘फक्त मोठे धक्के टिपा’. प्रत्येकाखाली बॅटरी साधारण किती दिवस चालेल ते. मोड निवडायचं काम ड्रायव्हरचं. आणि एक नियम: बॅटरी उतरली तरी डबी गुपचूप लो पॉवरवर जाणार नाही, आधी सांगेल. या नियमावर ऑफिसात दोन तास भांडलो. बॅटरी लवकर संपते ही तक्रार परवडली. पण जागं असल्याचं सोंग घेऊन झोपणारं यंत्र आमच्या मुलखात नको.

बाय द वे, तुमच्या फोनमधला बॅटरी सेव्हर नेमकं काय काय झोपवतो, वाचलंय कधी?

मामांनी पहिला पर्याय निवडलाय. बॅटरी लवकर संपते म्हणून कुरकुर चालूच आहे. आणि हंडा? तो अजून जागचा हललेला नाही.

‘‘राहू दे रे, बॅकअप हाय!’’