विश्लेषण : भाडेकरूला मीटर, पण चावी घरमालकाकडे! क्लाउडवरील व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसरची खरी मोजणी का मिळत नाही?

बँकेचे अ‍ॅप महिन्याच्या पहिल्या तारखेला रेंगाळते. कंपनी क्लाउडवर आणखी मोठे मशीन भाड्याने घेते, बिल वाढते, तरी अ‍ॅप रेंगाळतेच. दोष नेमका कुठे, हे सांगणारे मोजमाप प्रोसेसरच्या आतच असते. मात्र क्लाउडवरील ग्राहकापर्यंत ते अनेकदा पोहोचत नाही, आणि काही वेळा चुकीचे पोहोचते. असे का होते आणि त्यावर लिनक्सच्या जगात कोणता तोडगा पुढे आला आहे, याविषयी…

प्रोसेसरमधला हा मीटर काय मोजतो?

डॅशबोर्डवर ‘सीपीयू वापर ८० टक्के’ असे दिसते. त्या ८० टक्क्यांत प्रोसेसरने किती काम केले आणि मेमरीतून डेटा येण्याची वाट पाहत किती वेळ घालवला, हे त्यातून कळत नाही. ते कळते परफॉर्मन्स मॉनिटरिंग युनिट, म्हणजेच पीएमयूमुळे. प्रत्येक कोरमध्ये मोजके काउंटर असतात. किती सूचना पूर्ण झाल्या, किती सायकल खर्ची पडल्या, कॅशेमध्ये डेटा किती वेळा सापडला नाही, पुढच्या वाटेचा अंदाज किती वेळा चुकला, याची नोंद ते हार्डवेअरच्या पातळीवर ठेवतात. इंटेलच्या स्कायलेक पिढीत हायपरथ्रेडिंग सुरू असताना प्रत्येक थ्रेडला ४ सर्वसाधारण आणि ३ ठरावीक कामाचे काउंटर मिळत. आइस लेक पिढीत सर्वसाधारण काउंटर ८ झाले. एएमडीच्या झेन प्रोसेसरमध्ये प्रत्येक थ्रेडला असे ६ काउंटर आहेत. मोजण्यासारख्या घटना शेकडो आणि काउंटर बोटांवर मोजण्याइतके, हीच वादाची सुरुवात.

वाटेकरी किती?

क्लाउडमधल्या एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालतात. त्यांना सांभाळणारी मूळ यंत्रणा म्हणजे होस्ट. दोघांनाही हेच काउंटर हवे असतात. आपल्या मशीनवरील प्रोग्राम का मंदावला, हे भाडेकरूला पाहायचे असते. होस्टचीही स्वतःची कामे असतात. लिनक्समधील ‘वॉचडॉग’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. एखादा कोर पूर्ण गोठला आहे का, हे तपासण्यासाठी तो प्रत्येक कोरवर एक काउंटर कायमचा अडवून ठेवतो. शिवाय हजारो सर्व्हर चालवणाऱ्या कंपन्या सर्वत्र थोडे थोडे नमुने घेऊन वेळ कुठे जातो, हे तपासत असतात. गूगलने आपल्या अशा यंत्रणेची माहिती २०१० मध्येच प्रसिद्ध केली होती.

आजवरची पद्धत काय?

लिनक्समध्ये केव्हीएम ही व्हर्च्युअलायझेशन यंत्रणा २००७ मध्ये आली, ‘पर्फ’ ही मोजणीची यंत्रणा २००९ मध्ये आली आणि पुढे २०१२ च्या सुमारास दोन्हींची सांगड घातली गेली. सोय अशी, की व्हर्च्युअल मशीनने काउंटर सुरू करायचा म्हटला, की काम थांबते, नियंत्रण होस्टकडे जाते आणि होस्ट त्याच्या वतीने पर्फकडे अर्ज करतो. खरा काउंटर कोणता द्यायचा, हे पर्फ ठरवते. म्हणजे भाडेकरूच्या खोलीत मीटर दिसतो, पण तो चालतो घरमालकाच्या मर्जीने.

यात दोन अडचणी आहेत. पहिली वेगाची. काउंटरला हात लावला की होस्टकडे फेरी होते. वारंवार नमुने घेतले, की मोजणीमुळेच मशीन मंदावते. दुसरी अडचण अधिक गंभीर. होस्टच्या कोरव्यापी राखीव मोजणीला पर्फमध्ये अग्रक्रम असतो. काउंटर कमी पडले, की भाडेकरूची मोजणी मागे पडते आणि तसे त्याला कळवलेही जात नाही. तो समोरचा आकडा खरा मानतो.

मीटर बंद असेल तर निदान ते दिसते. अनेक व्हर्च्युअल मशीनवर पर्फची आज्ञा दिली, की सायकलच्या रकान्यात ‘नॉट सपोर्टेड’ असे उत्तर येते. हे उत्तर निराशाजनक असले तरी प्रामाणिक आहे. चालू दिसणारा पण मध्येच मोजणी गाळणारा मीटर त्याहून वाईट. त्याच्या भरवशावर अभियंते कोड बदलतात आणि कंपन्या मशीनचा आकार ठरवतात.

मोजणी अचूक नसेल तर काय अडते?

मोझिलात तयार झालेले ‘आरआर’ हे दोष शोधण्याचे साधन पाहा. प्रोग्रामची संपूर्ण धाव नोंदवून ती जशीच्या तशी पुन्हा घडवते. त्यासाठी किती शाखा पार झाल्या, याची अचूक मोजणी लागते. काउंटर नसेल तर हे साधन चालत नाही, आणि मोजणी एकाने जरी चुकली तरी पुनरावृत्ती भरकटते. काउंटरच्या नमुन्यांवरून कंपायलरला अधिक वेगवान प्रोग्राम बनवायला लावण्याचे ‘ऑटोएफडीओ’ हे तंत्रही याच माहितीवर उभे आहे.

मग काउंटर सरळ देऊन का टाकत नाहीत?

कारण शेजारी. काही काउंटर एका कोरपुरते नसून संपूर्ण प्रोसेसरचे असतात. मेमरीची एकूण वाहतूक त्यात मोजली जाते, म्हणजे शेजारच्या ग्राहकाचीही. इंटेलच्या जुन्या रचनेत तर त्याच कोरवरच्या दुसऱ्या थ्रेडच्या घटना मोजण्याची सोयही होती. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी उघड झाल्या. वेळेच्या सूक्ष्म फरकांतून गुपिते कशी झिरपतात, हे तेव्हा सर्वांनाच कळले. त्यामुळे क्लाउड कंपन्या काउंटर जपून देतात. तेव्हा नेटफ्लिक्समध्ये असलेले ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर हे काउंटर कसे वापरता येतात, ते दाखवले. पण त्यासाठी प्रोसेसर संपूर्ण व्यापणारे मोठे मशीन घ्यावे लागत होते. जिथे शेजारीच नाही, तिथे डोकावण्याचा धोका नाही.

नवा तोडगा कोणता?

२०२४ च्या सुरुवातीला इंटेल आणि गूगलच्या अभियंत्यांनी लिनक्ससाठी वेगळा मार्ग मांडला. काउंटर वाटून न घेता आळीपाळीने वापरायचे. व्हर्च्युअल मशीन कोरवर येताना होस्ट आपले आकडे बाजूला ठेवतो आणि काउंटर भाडेकरूच्या स्वाधीन करतो. मशीन उतरले, की अदलाबदल उलटी होते. त्यामुळे बहुतेक वेळा होस्टकडे फेरी घालावी लागत नाही आणि आकड्यात गुपचूप तूट येत नाही.

याची किंमत होस्ट मोजतो. भाडेकरू कोरवर असताना होस्टला तिथे काही मोजता येत नाही. सगळ्या सर्व्हरचा एकत्रित आलेख काढणाऱ्याला त्या काळापुरते डोळे मिटावे लागतात. वॉचडॉगसाठी मात्र पर्याय तयार आहे. २०२३ मध्ये लिनक्समध्ये शेजारच्या कोरने कोरवर लक्ष ठेवण्याची पद्धत आली, तिला काउंटर लागत नाही.

ग्राहकाने काय मागावे?

मुंबई, पुणे, हैदराबादच्या डेटा सेंटरमधून आपले व्यवहार चालतात. तिथे तासाच्या भावाने मशीन घेणाऱ्या छोट्या कंपनीला अख्खा प्रोसेसर भाड्याने घेणे परवडत नाही. आपल्या कोरवर, आपल्या वेळेत काय घडले, एवढे तरी तिला खरे कळले पाहिजे. शेजाऱ्याची माहिती देऊ नये, हा आग्रह रास्तच आहे. संपूर्ण प्रोसेसरचे काउंटर राखून ठेवावेत. पण कोरपुरते काउंटर आळीपाळीने देता येतात, हे आता दिसले आहे. तेवढेही जमत नसेल तिथे ‘मोजता येत नाही’ असे स्पष्ट सांगावे. भाडे तासावर घेणाऱ्याने मीटरबाबत किमान एवढा प्रामाणिकपणा दाखवायला हवा.