विश्लेषण : सहा महिन्यांत ‘मेडिकल असिस्टंट’ होता येते का? प्रमाणपत्र, कायदा आणि जामखेडचा धडा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या बसस्थानकाजवळ आणि मोबाइलवरही जाहिराती दिसू लागतात : ‘सहा महिन्यांत मेडिकल असिस्टंट’, ‘नर्सिंग केअर कोर्स, नोकरीची हमी’. अहिल्यानगरसारख्या १४ तालुक्यांच्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या जिल्ह्यात रुग्णालयातील नोकरीचे आकर्षण मोठे आहे. पण या प्रमाणपत्रावर नेमके कोणते काम करता येते? आरोग्य प्रशिक्षणाचा वेगळा प्रयोग जगाला दाखवणाऱ्या याच जिल्ह्यातील जामखेडने काय शिकवले?

‘मेडिकल असिस्टंट’ म्हणजे कोण?

अमेरिकेत डॉक्टरांच्या दवाखान्यात नोंदी ठेवणे, रक्तदाब मोजणे, तपासणीची तयारी करणे अशी कामे करणाऱ्याला हे नाव आहे. आपल्याकडे या नावाचे एकच ठरलेले पद नाही. कंपाउंडर, वॉर्डबॉय, मावशी, टेक्निशियन अशा अनेकांना हे नाव लावले जाते. रुग्णाच्या नातेवाइकांसाठी तर गणवेशातील प्रत्येक महिला ‘सिस्टर’च असते. नावातील या संदिग्धतेचाच फायदा जाहिरातींना होतो.

कोणत्या कामासाठी किती शिक्षण?

पहिली पायरी ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ म्हणजे जीडीएची. कौशल्य विकास योजनांतील हा काही महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, स्ट्रेचरवरून हलवणे, तापमान व नाडीची नोंद, स्वच्छता ही त्याची कामे. ते नर्सच्या देखरेखीखाली करायचे असते. सलाइन लावणे किंवा इंजेक्शन देणे त्यात येत नाही.

एएनएम हा बारावीनंतरचा दोन वर्षांचा, तर जीएनएम तीन वर्षांचा अभ्यासक्रम. दोन्हींनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. जीडीएच्या प्रमाणपत्रावर ही नोंदणी मिळत नाही. वॉर्डात पाच वर्षे काम केले, तरी नर्स होण्यासाठी पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. ‘फिजिशियन असिस्टंट’ हे पद आणखी वेगळे. त्यासाठी इंटर्नशिपसह पदवी अभ्यासक्रम असतो.

२०२१चा कायदा काय सांगतो?

नर्स आणि डॉक्टर यांच्यासाठी परिषदा होत्या. पण लॅब, एक्स-रे, शस्त्रक्रियागृह, डायलिसिस येथील मनुष्यबळासाठी देशपातळीवर एकसमान चौकट नव्हती. ती ‘राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१’ने आणली. त्यात पन्नासहून अधिक व्यवसायांचे दहा गट आहेत. फिजिशियन असिस्टंटही त्यात येतो.

कायद्यानुसार ‘सहयोगी आरोग्य व्यावसायिक’ म्हणवून घेण्यासाठी किमान २,००० तासांची पदविका किंवा पदवी हवी आणि ते तास दोन ते चार वर्षांत विभागलेले हवेत. रोज आठ तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तरी सहा महिन्यांत १,२४८ तासच भरतात. वर्षभराच्या कोर्समध्ये तास भरले, तरी दोन वर्षांची अट राहते. म्हणजे असा कोर्स या व्याख्येत बसत नाही. तो निरुपयोगी असतो असे नाही. पण मदतनिसाचे काम आणि नोंदणीकृत व्यवसाय यांत फरक आहे.

जामखेडमध्ये काय घडले?

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये दुष्काळी जामखेडमध्ये ‘समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ सुरू केला. सुरुवातीला भिस्त एएनएमवर होती. मात्र बाहेरून आलेल्या नर्सना गावात राहणे आणि गावाचा विश्वास मिळवणे अवघड गेले. मग गावानेच निवडलेल्या महिलांना शिकवायचे ठरले. त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित कुटुंबांतील होत्या.

या महिला दर आठवड्याला जामखेडला येत. मुलांचे वजन, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, सुरक्षित बाळंतपण, क्षय व कुष्ठरोगाची लक्षणे असे विषय शिकत. गावात जाऊन ते करून पाहत आणि पुढच्या आठवड्यात काय चुकले ते सांगत. डॉक्टर-नर्सचे पथक गावात येई. गंभीर रुग्णासाठी जामखेडचे रुग्णालय होते. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर १९७६मध्ये ५२ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५च्या आपल्या ग्रंथात या कामाला स्थान दिले. आरोळे दाम्पत्याला १९७९मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मग कमी शिक्षण चालते का?

जामखेडचा असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. तेथे प्रवेशासाठी शाळेची अट नव्हती. पण प्रशिक्षणाला शेवटची तारीखही नव्हती. शिकणे, करणे, चुका सांगणे, पुन्हा शिकणे हे वर्षानुवर्षे चालले. कोणते काम आपले आणि कोणता रुग्ण पुढे पाठवायचा, हेही स्पष्ट होते.

२००५मध्ये आलेल्या ‘आशा’ योजनेत गावातलीच महिला निवडण्याचे तत्त्व दिसते. तिचे प्राथमिक प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने २३ दिवसांचे ठरले. करोनाकाळात, जून २०२१मध्ये केंद्राने एक लाख ‘कोविड योद्धे’ घडवण्यासाठी अल्पमुदतीचे कोर्स सुरू केले. आणीबाणीत हात वाढवण्यासाठी असे कोर्स लागतात. प्रश्न पुढचा आहे : प्रशिक्षणानंतर देखरेख कोणाची आणि वर जाण्याची वाट कोणती?

प्रवेशापूर्वी काय तपासावे?

नर्सिंगचा कोर्स असेल तर संस्थेची मान्यता नर्सिंग कौन्सिलच्या यादीत पाहावी. लॅब किंवा एक्स-रेचा कोर्स असेल तर परीक्षा कोणते मंडळ वा विद्यापीठ घेते आणि नोंदणी कोठे होते, ते लेखी विचारावे. प्रत्यक्ष रुग्णालयात किती तास काम मिळेल आणि तेथे शिकवणारे कोण, हा प्रश्न फी भरण्याआधीचा. ‘नोकरीची हमी’ असेल तर पदाचे नाव आणि पगार लेखी घ्यावा.

चुकीची निवड केवळ फी आणि वर्ष वाया घालवत नाही. अर्धवट प्रशिक्षित मदतनिसाला रात्रपाळीत सलाइन लावायला सांगितले आणि काही बिघडले, तर जीव रुग्णाचा जातो आणि चौकशीला सामोरे जावे लागते त्या मदतनिसाला.