सडा पडीक नाही, तो पाणी देतो

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही मे महिन्यात तिथल्या अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. या कोड्याचे उत्तर पुष्कळदा गावाच्या डोक्यावरच, म्हणजे सड्यावर असते.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. उन्हाळ्यात तो काळा आणि ओसाड दिसतो. सातबाऱ्यावर अशी जमीन बहुधा पोटखराब्यात जाते, सरकारी हिशेबात ती खडकाळ पडीक ठरते. म्हणूनच चिरेखाण, कारखाना किंवा मोठा गृहप्रकल्प यांसाठी जागा शोधताना पहिले बोट सड्याकडे जाते. तिथे कोणाचे काही बिघडत नाही, असा समज त्यामागे असतो.

प्रत्यक्षात सडा बरेच काम करतो. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातल्या भेगांमधून खाली मुरते, तळाच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांतून बाहेर पडते. खालच्या विहिरी आणि पऱ्ये त्यावर जगतात. पावसाळ्यात याच कातळावर गुरे चरतात आणि इतरत्र न आढळणाऱ्या वनस्पती उगवतात. इथली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

निसर्गाकडून माणसाला मिळणाऱ्या अशा लाभांना शास्त्रज्ञ ‘परिसंस्था सेवा’ म्हणतात. २००५ च्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाने त्यांचे चार गट केले: अन्नपाण्याचा पुरवठा, पूर व हवामानाचे नियमन, सांस्कृतिक लाभ आणि या सगळ्यांना आधार देणाऱ्या मूलभूत प्रक्रिया. सडा या चारही गटांत बसतो, पण जमीनवापराच्या नकाशावर त्याचे यातले एकही काम दिसत नाही. नकाशा फक्त जमीन कशासाठी वापरायची ते सांगतो. ती आज काय देते, याला त्यात रकाना नाही.

तो रकाना आणण्यासाठी कायद्याची अडचण नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये प्रादेशिक योजनेत नैसर्गिक साधनसंपत्ती राखण्याची तरतूद आहे. उणीव माहितीची आहे. गावागावांतले झरे आणि बारमाही विहिरी नोंदवून त्यांना पाणी पुरवणारे क्षेत्र भूजलतज्ज्ञांकडून आखून घ्यावे. योजनेचे विभाग ठरण्याआधी तो नकाशा टेबलावर हवा. सिक्कीमने २००८ पासून ‘धारा विकास’ कार्यक्रमात झऱ्यांची पुनर्भरण क्षेत्रे शोधली आणि रोजगार हमीच्या निधीतून तिथे चर खणून पाणी मुरवले. डोंगराळ राज्याला जे जमले, ते कोकणाला अशक्य नाही.

खरा पेच मालकीचा आहे. बरेच सडे खासगी आहेत. पाणी खालची वाडी पिते आणि जमीन विकण्याचा मोह मात्र वरच्या मालकाला आवरावा लागतो. नुसती बंदी घातली तर तो योजनेचा शत्रूच होईल. त्यामुळे ज्या जमिनीवर गावाचे पाणी अवलंबून आहे, तिच्या मालकाला दरवर्षी ठरावीक मोबदला द्यायला हवा. टँकरवर दर उन्हाळ्यात होणारा खर्च पाहता हा मोबदला म्हणजे उधळपट्टी नव्हे. मात्र प्रत्येक सेवेची किंमत रुपयांत काढण्याचा हट्टही नको. कातळशिल्पाचा भाव ठरवता येत नाही. तिथे ‘इथे खोदकाम नाही’ एवढीच रेघ पुरेशी आहे.

सडा फोडायला जेसीबीला काही दिवस पुरतात. आटलेला झरा मात्र सरकारी आदेशाने परत वाहू लागत नाही. म्हणून नकाशावर रंग भरण्यापूर्वी पाणी कुठून येते, हे विचारले पाहिजे. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना त्याचे उत्तर बहुधा ठाऊक असते. योजनाकारांनी ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे.