धरणाची दारे आणि वेळेवरची बातमी



ऑगस्ट २००६ चा सुरतचा पूर आपल्यापैकी अनेक घरांच्या स्मरणात आहे. रांदेर, अडाजणसह शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले. 'आधीपासून थोडे थोडे का सोडले नाही?' हा प्रश्न तेव्हा सर्वांच्या तोंडी होता. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर सोपे नाही.

पूर अडवायचा तर धरणात जागा रिकामी हवी. शेती, वीज आणि पिण्याच्या पाण्यासाठी मात्र तेच धरण भरलेले हवे. उकाईचे पाणी काकरापारच्या डाव्या कालव्याने आपल्या पलसाणा, बारडोली भागातील उसाला मिळते. आज पाणी सोडले आणि पुढे पाऊस झाला नाही, तर ऊस वाळेल. राखून ठेवले आणि पाऊस कोसळला, तर सुरत बुडेल. सोडलेले पाणी परत आणता येत नाही.

म्हणून दार किती उघडायचे, हे वरच्या बातमीवर ठरते. तापी मध्य प्रदेशातून येऊन आपल्या खानदेशातून वाहत उकाईला पोहोचते. जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणाची दारे उघडल्याची बातमी म्हणजे उकाईला तयारीसाठी मिळालेला वेळ. माहिती नसताना होणारे नुकसान आणि माहिती असताना होणारे नुकसान, यांतील फरक म्हणजे त्या माहितीची किंमत, असे गणित सांगते. माहितीमुळे निर्णय बदलणार नसेल, तर तिची किंमत शून्य. उशिरा आलेला अचूक आकडा म्हणजे बैल गेला नि झोपा केला! त्यापेक्षा लवकर आलेला ढोबळ अंदाज बरा. त्यावर थोडे दार उघडता येते आणि पुढची बातमी आली की निर्णय सुधारता येतो.

आपल्या शाळेने यातून धडा घ्यावा, असे मला वाटते. पावसाळ्यात रोज फळ्यावर उकाईची पातळी (पूर्ण पातळी ३४५ फूट), हतनूरचा विसर्ग आणि कडोदऱ्याचा पाऊस लिहावा. विश्वस्तांनी पर्जन्यमापक द्यावा, मोठ्या वर्गांनी नोंद ठेवावी. पण नुसते आकडे लिहून भागणार नाही. कोणत्या आकड्याला शाळा लवकर सोडायची, सुरतच्या नातेवाइकांना कोणी कळवायचे, हे शिक्षक-पालकांनी जूनमध्येच ठरवावे. तरच फळ्यावरच्या आकड्याला किंमत येईल.