रस्ता हवा, पण शेत बुडवून नव्हे!

शेतकरी बंधूंनो, मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या भगिनींनो!

पत्रादेवीहून पोळेपर्यंत जाणारा महामार्ग पूर्वी १७ क्रमांकाचा होता, आज ६६ चा आहे. २०२२ साली जुवारीवरचा नवा पूल खुला होऊ लागला. आमचा पुलाला विरोध नाही. १९८६ साली मांडवीचा पूल कोसळला, तेव्हाचे हाल गोवेकर विसरलेला नाही.

पण भरावाखाली पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर पाणी तुंबून पीक कुजते. मानशीची वाट बुजली, तर खाजनही गेले आणि त्यातली मासळीही गेली. रस्ता रुंद झाला की मागोमाग दलाल येतो. आजचे शेत उद्या प्लॉट होते, आणि त्या प्लॉटांतल्या गाड्या त्याच रस्त्यावर पुन्हा कोंडी करतात! मग रुंदीकरण केले कोणासाठी?

म्हणून मागणी एकच: रस्त्याचा आणि जमिनीचा आराखडा एकत्र करा, आम्हाला विचारून करा.

१९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यानुसार भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते. अधिसूचनेचा सारांश स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रातही छापावा लागतो. तो वाचा, शेजाऱ्याला वाचून दाखवा, हरकत द्या, पोच घ्या. बाविसाव्या दिवशी बांधावर बसून रडण्यात अर्थ नाही!