फुटपाथवरही नर्सबाई आल्याच पाहिजेत!

मुंबईकरहो,

पुलाखाली राहणाऱ्या मजुराच्या पायात खिळा घुसतो. त्याच दिवशी जखम धुऊन पट्टी केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, तर काम दहा मिनिटांचं. पण दवाखान्याच्या वेळेत तो नाक्यावर कामाची वाट बघत उभा असतो. खाडा केला तर रात्री जेवण नाही. त्यात साखरेचा आजार असला तर जखम चिघळते, पाय कापायची वेळ येते. मग मोठ्या रुग्णालयात खाट, शस्त्रक्रिया, आठवडेच्या आठवडे. एवढा खर्च चालतो, तर त्याच्यापर्यंत चालत जाणारी नर्स का परवडत नाही?

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात सुमारे १० हजार लोकवस्तीमागे एक एएनएम नर्स आणि २०० ते ५०० कुटुंबांमागे एक आशा कार्यकर्ती असं प्रमाण आहे. बेघरांचा उल्लेखही त्यात आहे. काम मात्र घरांच्या यादीवर चालतं. दार नाही, म्हणून बाळाची लस राहते, गरोदर बाईचं रक्त तपासायचं राहतं. २०११ च्या जनगणनेत याच मुंबईत ५७ हजारांहून अधिक बेघर मोजले गेले. मोजायला सापडतात, ते लस द्यायला का सापडू नयेत?

टीबीचं बघा. साध्या टीबीलाही सहा महिने औषध लागतं. गोळ्या सरकार फुकट देतं. मध्येच अतिक्रमण हटवणारी गाडी येते आणि गाठोड्याबरोबर गोळ्या, केसपेपर सगळं उचलून नेते. पुढे कागदावर शेरा पडतो, ‘रुग्णाने उपचार सोडले’. हा शेरा खोटा आहे, आणि तो लिहिणाऱ्या यंत्रणेला ते कळायला हवं.

नर्सभगिनींना आम्ही दोष देत नाही. सर्वेक्षणं, मोहिमा, रजिस्टरं यांतच त्यांचा दिवस संपतो. म्हणून नवी पदं भरा, आणि कायमस्वरूपी भरा. पोलिसाला आणि पालिकेच्या गाडीला घाबरणारा माणूस ओळखीच्या बाईपुढेच पाय पुढे करतो. कंत्राट संपलं की ती ओळखही संपते.

प्रत्येक वॉर्डात संध्याकाळी सातनंतर नर्सची फेरी निघावी. ड्रेसिंग, बीपी, साखर, लस, टीबीच्या गोळ्या जागेवर मिळाव्यात. आधार कार्ड आणि पत्ता न मागता केसपेपर निघावा, त्याची प्रत आरोग्य केंद्रात राहावी. लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावलं. त्या प्रत्येक निवाऱ्यात नर्सचा ठरलेला वार हवा.

हे पत्रक घेऊन तुमच्या वॉर्ड ऑफिसात जा. ‘आमच्या वॉर्डातल्या फुटपाथची नर्स कोण?’ असं आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

— मुंबईतल्या काही परिचारिका आणि कार्यकर्ते